वाचकांचे प्रश्न : तारेनं एवढं काय बदललं?

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. 'तारायंत्राचा शोध मोर्सने लावला' एवढं सांगून आम्ही पुढे जातो. परवा एका मुलानं विचारलं, "बाई, मेसेज तर पत्रातूनही जायचे ना? मग यात एवढं काय?" मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही तारखात्यात होतात, म्हणून विचारते.
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, पोरानं नेमक्या जागी बोट ठेवलंय. पत्र जायचं, पण नेणाऱ्याच्या पायानं. हरकारा, घोडा, गलबत, पुढे आगगाडी. त्यांचा जो वेग तोच बातमीचा. फ्रान्समध्ये उंच मनोऱ्यांवरून लाकडी हातांच्या खुणा करून निरोप धाडत, पण धुकं पडलं की तेही बंद.

मुलांना मोर्सची एक गोष्ट सांगा. तो मुळात चित्रकार. फेब्रुवारी 1825 मध्ये तो वॉशिंग्टनला लाफायेत या फ्रेंच सेनानीचं चित्र काढत होता आणि इकडे न्यू हेवनला त्याची बायको ल्युक्रेशिया वारली. वडिलांचं पत्र मिळून तो घरी पोचेपर्यंत तिला पुरूनही झालं होतं. त्या दुःखातूनच तारायंत्र जन्मलं, असं मात्र सांगू नका. कल्पना सुचली 1832 मध्ये, बोटीवर विद्युतचुंबकाच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हा. शिवाय श्रेय एकट्याचं नाही. इंग्लंडात कुक आणि व्हीटस्टन यांनी 1837 मध्येच सुयांच्या तारायंत्राचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीच्या विद्युतचुंबकावाचून मोर्सचं यंत्र चाललं नसतं आणि सहकारी व्हेल नसता तर ते यंत्र वापरण्याजोगं झालं नसतं. 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला, सुमारे 60 किलोमीटरवर, पहिला जाहीर संदेश गेला. आधी तारा जमिनीत पुरून बघितल्या, ते फसलं, मग खांब आले.

सिनेमात तारघर दाखवताना 'पीप पीप' ऐकू येतं. ते आमचं नव्हे, ते बिनतारीचं. आमच्या साउंडरचा, म्हणजे आलेली तार ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज म्हणजे कट्ट, कडकट्ट. पितळी दांडी खाली आपटते तेव्हा एक टोला आणि वर उसळते तेव्हा दुसरा. दोहोंत अंतर थोडं असलं तर टिंब, जास्त असलं तर रेघ. मोर्सच्या लिपीत प्रत्येक अक्षर या टिंब-रेघांनीच बनतं. कान आवाज मोजत नाही, मधली शांतता मोजतो. हे अंगवळणी पडायला मला आठ महिने लागले. पुढे अक्षरं ऐकू येईनाशी झाली, सरळ शब्दच ऐकू यायचे. साउंडरमागे आम्ही रिकामा पत्र्याचा डबा ठेवायचो, म्हणजे आवाज ठणठणीत येई. वर्गात स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून बघा. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या 'ई'ला फक्त एक टिंब आहे, हे मुलांना फार आवडतं.

आपल्याकडे हे काम उभं केलं विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनं. 1839 मध्ये कलकत्त्याला त्यानं मैलोगणती तार ताणून प्रयोग केले, तेव्हा विजेचे बारीक धक्के बोटांवर घेऊन तो खुणा ओळखायचा! 1850 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर रस्त्यानं काम सुरू झालं, 1854 मध्ये तार आग्र्यामार्गे मुंबईला आली आणि 1855 मध्ये सामान्य माणसासाठी खुली झाली. 1870 मध्ये समुद्रातल्या केबलनं मुंबई एडन-सुएझमार्गे थेट लंडनशी जोडली गेली. बोटीच्या टपालाला आठवड्यांमागून आठवडे लागत, तिथे लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला तासांत कळू लागला. इतक्या अंतरावरून भाव कळायचा म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला वेगळं समजवावं लागणार नाही.

पण मला स्वतःला याचा अर्थ कळला तो जानेवारी 1972 मध्ये. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या तारघरात होतो. आसपासच्या गावांतून घरटी एक माणूस फौजेत. लढाई नुकतीच संपली होती. दुपारी साउंडर बोलू लागला आणि मी लिहीत गेलो : 'सेफ. कमिंग ऑन लीव्ह.' तारवाला शिपाई दुसऱ्या गावाला गेलेला, म्हणून मीच सायकल काढली. तेव्हा तार म्हणजे 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली', हेच लोकांच्या डोक्यात. माझ्या हातातला कागद पाहून त्या जवानाची म्हातारी आई ओट्यावर बसलीच. शेजारच्या बायका धावत आल्या, एकीनं तर हंबरडाच फोडला. मी ओरडून सांगितलं, "आजी, पोरगा खुशाल आहे. रजेवर येतोय!"

तिचा विश्वास बसेना. मुलाची पत्रं तिला मिळायची, पण पंधरा-पंधरा दिवसांची शिळी. पत्र वाचतानाही तिच्या मनात यायचं, आता या घडीला तो असेल का? तिनं मला विचारलं, "कवा सांगितलंय त्यानं ह्ये?"

तारेच्या कागदावर ती दिल्याची वेळ असायची. मी ती वाचून दाखवली. पठाणकोट, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं.

"आजची सकाळ?"

"होय आजी, आजचीच."

तिनं कागद घेतला आणि कपाळाला लावला.