वहीचं पान सर्व्हरवर का चढत नाही?

प्रश्न : आम्ही पंचवटीतले क्षेत्रोपाध्ये. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जुन्या सगळ्या मोडीत. कागद आता हात लावला तरी तुटतो, म्हणून २०२७ च्या सिंहस्थाची धावपळ सुरू व्हायच्या आत पानं स्कॅन करून साइटवर चढवायला घेतली. साइट भाच्याने पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत बांधली आहे, भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर, पुढे ब्राउझरकडून आलेलं आधी हातात घेणारं एन्जिनएक्स. ए-फोर आकाराचं पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की १४ एमबीपर्यंत जातं. ते चढवलं की '४१३' अशी चूक येते. सर्व्हरवाल्यांनी पीएचपीची मर्यादा ६४ एमबी करायला सांगितली. ती केली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ४१३ तसंच आहे. उलट आधी बिनबोभाट जाणारा ४०० केबीचा फोटोही आता जात नाही. फॉर्म म्हणतो, 'यजमानाचं नाव भरा'. नाव तर भरलेलं असतं! भाचा परगावी आहे. पडद्याचा फोटो सोबत जोडलाय.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आधी त्या ४०० केबीच्या फोटोचं बघू, खरी गाठ तिथेच आहे.

तुमच्या फोटोत पीएचपीच्या आयएनआय फाइलमधल्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधल्या, दोन ओळी स्पष्ट दिसतात. 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' म्हणजे एका फाइलची मर्यादा, 'पोस्ट मॅक्स साइझ' म्हणजे अख्ख्या फॉर्मची. दोन्हींपुढे तुम्ही ६४ लिहून त्याला 'एमबी' जोडलंय. इथे नुसतं 'एम' लागतं. पीएचपी शेवटचं अक्षर बघतं, आणि के, एम, जी एवढीच त्याला कळतात. शेवटी 'बी' दिसला की ते बाकीचं सोडून देतं आणि ६४ म्हणजे ६४ बाइट असं धरून चालतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खातं. म्हणजे तुमच्या अख्ख्या फॉर्मला जागा उरली एकवीस चिन्हांची. फॉर्म मर्यादेबाहेर गेला की पीएचपी नुसती फाइल नाकारत नाही, फॉर्ममधलं सगळंच टाकून देतं. यजमानाचं नावही त्यातच गेलं, म्हणून भाच्याचा प्रोग्राम तुम्हाला 'नाव भरा' सांगत राहिला. तुमचं काही चुकलं नव्हतं, नाव तुम्ही भरलंच होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, '६४ बाइट्स' असा उल्लेख असलेली सूचना पडलेली असेल, ती बघून खात्री करा.

आता ४१३, म्हणजे 'पाठवलेलं फार मोठं आहे'. हा निरोप पीएचपीचा नाही, त्याच्या पुढे बसलेल्या एन्जिनएक्सचा आहे. त्याची 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' न लिहिता सोडली तर १ एमबी असते. तुमचं १४ एमबीचं पान दारातूनच परत जातं, पीएचपीला त्याचा पत्ताही नसतो. नुसती पीएचपीची मर्यादा वाढवायला सांगणं हा अर्धा सल्ला झाला, आणि असा अर्धा सल्ला मिळून दिवस दिवस घालवलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. फॉर्म या दोन्ही ठिकाणांहून जातो. जिथली मर्यादा सगळ्यात लहान, तीच खरी.

तुमच्यासाठी मी असं ठेवीन : एका फाइलला २५एम, अख्ख्या फॉर्मला १००एम, एन्जिनएक्सलाही १००एम. सहा पानं एकदम चढवली तरी ८४ एमबी होतात, वर थोडी जागा राहते. एन्जिनएक्सची ओळ तुमच्या साइटच्या 'सर्व्हर' कंसात लिहा आणि शेवटी अर्धविराम विसरू नका. सगळीकडे सरसकट १ जीबी करून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ही मर्यादा आहे म्हणूनच कुणी आगंतुक भलतीच मोठी फाइल ढकलून तुमची डिस्क भरू शकत नाही.

उबुंटूवर पीएचपीच्या आयएनआय फाइली एकाहून जास्त असतात. 'सीएलआय' फोल्डरमधली टर्मिनलसाठी, 'एफपीएम' फोल्डरमधली साइटसाठी. तुम्हाला दुसरी हवी. बदल केल्यावर पीएचपी-एफपीएम पुन्हा सुरू करा. एन्जिनएक्सला मात्र आधी 'एन्जिनएक्स -टी' देऊन लिहिलेलं तपासून घ्या, मगच रीलोड. 'पीएचपीइन्फो'चं पान उघडलंत तर कोणती फाइल वाचली जाते आणि कोणते आकडे लागू आहेत ते दिसतं. बघून झालं की ते पान लगेच काढून टाका.

एवढं झालं की पान चढेल, आणि बहुतेक तुम्ही दुसऱ्या अडचणीत सापडाल. भाच्याने प्रत्येक पानाची छोटी प्रतिमा बनवायची सोय केली असेलच. जेपेग फाइल डिस्कवर १४ एमबीची असली तरी उघडल्यावर फुगते. ६०० डीपीआयला ए-फोर म्हणजे साधारण ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, आणि प्रतिमा हाताळणारी पीएचपीची जीडी लायब्ररी दर ठिपक्याला चार बाइट घेते. झाले जवळपास १३३ एमबी, आणि पीएचपीची 'मेमरी लिमिट', म्हणजे एका वेळी वापरायच्या मेमरीची मर्यादा, मुळात १२८ एमबी. पान पोचतं आणि नंतर पांढरा पडदा येतो, माणूस पुन्हा अपलोडची मर्यादा वाढवत बसतो. मेमरी लिमिट २५६एम करा. शिवाय एका वेळी वीसपेक्षा जास्त फाइली पीएचपी घेत नाही, ती वेगळीच मर्यादा आहे. पुढे लहान आकारात स्कॅन केलेली पानं गठ्ठ्याने टाकाल तेव्हा लक्षात ठेवा, नाहीतर एकविसावं पान गायब का ते कळणार नाही.

आता जरा मनातलं. वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून लांबट वही आणली आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबले. मोडी मला वाचता येत नाही. त्यांनी वाचून दाखवलं : माझ्या आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि खाली आजोबांची स्वतःची सही. शाई तपकिरी झाली होती, सहीच्या शेवटच्या फराट्यापाशी कागद फाटला होता. घरात आजोबांच्या हाताचं दुसरं काहीच उरलेलं नाही. म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी हे लिहायला घेतलं.

आणि म्हणूनच एक विनंती. ही पानं सगळ्या जगाला उघडी ठेवू नका. त्यात जिवंत माणसांची नावं, गावं, नाती आहेत. ती यजमानांनी तुमच्या घरावर विश्वास ठेवून लिहिली आहेत. लॉगिनच्या आड ठेवा, यजमान आला की त्याला त्याच्या घराण्याचं पान दाखवा. ज्या फोल्डरमध्ये फाइली साठतात तिथे पीएचपी चालणार नाही असं भाच्याकडून करून घ्या. मूळ स्कॅन कमी दर्जाचे करू नका, ते वेगळ्या डिस्कवर राहू द्या, शक्यतो दोन ठिकाणी. साइटवर हलकी प्रत पुरते.

मर्यादा बदलल्यावर पहिलं एकच पान चढवून बघा. ते नीट दिसलं की सगळ्यात झिजलेली वही आधी घ्या.