ढग गडगडले की शेरू न्हाणीघराचे दार ओरबाडतो

प्रश्न : आमचा शेरू हा ७ वर्षांचा, ३४ किलो वजनाचा लॅब्राडोर आहे. गेल्या दोन पावसाळ्यांपासून ढग गडगडू लागले की तो धापा टाकतो, लाळ गाळतो, थरथरतो आणि न्हाणीघरात शिरायला धडपडतो. परवा रात्री दार बंद होते, तर ते ओरबाडताना त्याच्या पुढच्या पायाचे एक नख मुळापासून निघाले. सासूबाई म्हणतात, जवळ घेतल्याने तो जास्तच भित्रा होईल. यजमानांच्या मते त्याला साखळीने बांधून ठेवावे. हल्ली तो गच्चीचा जिना चढायलाही का-कू करतो, वयामुळे असेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक, रामचंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण जिन्याविषयीचे वाक्य जाता जाता लिहिले आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत खुब्याचे आणि कोपराचे सांधे दुखणे वारंवार आढळते. दचकल्यावर कुत्र्याचे अंग आखडते, आखडल्याने दुखऱ्या सांध्यातून कळ येते आणि काही काळाने ती कळ व तो आवाज यांची त्याच्या मनात गाठ बसते. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, अंगदुखी असलेल्या कुत्र्यांत आवाजाची भीती इतरांपेक्षा उशिरा, मोठ्या वयात सुरू झाल्याचे दिसले होते. पाच वर्षे निर्धास्त राहिलेला शेरू आता घाबरू लागला आहे, म्हणून त्याचे सांधे आधी तपासून घ्यावेत. दुखणे तसेच राहिले, तर पुढचे उपाय अर्धेच लागू पडतील.

सासूबाईंची समजूत फार घरांत ऐकू येते आणि ती त्या काळजीपोटीच सांगत असणार. परंतु भीती ही काही खोडी नव्हे की लाड केल्याने वाढावी. शेरू आपणहून जवळ आला, तर त्याला खुशाल कुशीत घ्या, पाठीवरून सावकाश हात फिरवा आणि नेहमीच्या आवाजात बोला. त्याला लपायचे असेल, तर ओढून बाहेर मात्र काढू नका. साखळीने बांधणे सर्वथा टाळावे. भेदरलेले ३४ किलोंचे जनावर झटका देते तेव्हा मानेला फास बसू शकतो, आणि अशा वेळी आवरायला गेलेल्या घरच्या माणसालाही ते चावू शकते.

न्हाणीघर ही जागा त्याने स्वतः निवडली आहे, तिचा मान राखावा. दार उघडे ठेवून ते आपोआप बंद होणार नाही असे अडकवून ठेवावे, फरशीवर जुनी गोधडी अंथरावी, बादल्या आणि साबणाच्या वस्तू उचलून ठेवाव्यात, खिडकी झाकावी म्हणजे विजेचा लखलखाट दिसणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यासाठी घरोघरी कूलर असतो. पावसाळ्यात तो माळ्यावर न टाकता जवळच्या खोलीत कोरडाच चालवला, तर त्याच्या एकसुरी घरघरीत लांबचा गडगडाट बराच बुडून जातो. घराचे मुख्य दार मात्र नीट बंद हवे, आणि पट्ट्यावर आपला फोन क्रमांक असावा, कारण वादळात घाबरून पळालेली कुत्री फार दूर जातात.

हे सारे ढग डोक्यावर येण्यापूर्वी व्हायला हवे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. ते फोनमध्ये घ्यावे. सूचना मिळताच त्याला फिरवून आणावे आणि प्रत्येक हलक्या गडगडाटापाठोपाठ उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा. एरवी खादाड असलेला लॅब्राडोर तोंडासमोरचा तुकडा हुंगूनही पाहत नसेल, तर भीती खाण्याच्या पलीकडे गेली आहे असे समजावे आणि आग्रह थांबवावा.

शेरू नख उपटून घेईपर्यंत धडपडतो आहे, त्यामुळे त्याला औषधाची गरज लागेल असे माझे मत आहे आणि त्यात संकोच नसावा. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलाम यांपैकी काय व किती द्यायचे, हे तपासणी करून पशुवैद्यकच ठरवतील. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. ही औषधे वादळाच्या आधी पोटात गेली, तरच नीट काम करतात. कोणी केवळ ॲसेप्रोमाझिन सुचवले, तर पुन्हा विचारावे; त्याने अंग सुस्त होते, म्हणून बाहेरून कुत्रे शांत दिसते, आतली भीती मात्र तशीच राहते.

ध्वनिमुद्रित गडगडाट ऐकवून सवय करण्याचा उपाय चांगला आहे, पण तो आत्ता भर पावसाळ्यात करू नये. दिवाळीचे फटाके संपले की आरंभ करावा. शेरूने कानही टवकारू नये इतक्या बारीक आवाजात, खाऊ देत, रोज पाचेक मिनिटे, आणि आवाज आठवड्यागणिक किंचितच वाढवावा. तो अस्वस्थ झाला, तर आदल्या पातळीवर परत यावे.

या आठवड्यात आधी नखाच्या जखमेवर उपचार करून घ्या आणि त्याच फेरीत सांधेही दाखवा; गरज पडल्यास महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. जाताना शेरू जिना चढतानाचे आणि वादळात घाबरलेला असतानाचे, असे दोन्ही व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा, कारण दवाखान्याच्या अनोळखी वातावरणात पुष्कळ कुत्री आपले लंगडणे लपवतात.