खाऱ्या वाऱ्यातलं घर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : समुद्रापासून जवळच आमचं जुनं, साधं आरसीसी घर आहे. ते पर्यावरणाचा विचार करून सगळ्या कुटुंबाला सुट्टीत राहण्याजोगं करायचंय. छताचे आतून ढलपे पडतात. आधी सोलर बसवू की प्लॅस्टर करून घेऊ?

उत्तर : यातलं काहीच आधी नको. ढलपा पडतो तो आतली सळई गंजल्यामुळे. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. वरून प्लॅस्टर मारलं की डाग झाकला जाईल, गंज मात्र चालूच राहील. सोलर पॅनेलचं वजन आणि वाऱ्याचा जोरही याच छताला पेलायचा आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून छताला खालून टेकू द्या. मग हातोडीने ठोकत जा आणि जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण करा. खुणेच्या आतलं काँक्रीट सळईच्या मागेही 20 ते 25 मिमी मोकळं होईपर्यंत फोडायचं. मिस्त्री बहुतेक वेळा सळईची फक्त खालची बाजू उघडी करून थांबतो. मग मागचा गंज तसाच राहतो आणि ढलपा पुन्हा पडतो. सळई चकचकीत होईपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुवा, झिंकयुक्त प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने भरा. सळई बारीक झाली असेल तर जोडसळई लागते. ती किती, हे इंजिनिअरच सांगेल.

एवढं करूनही काही वर्षांनी ठिगळाच्या कडेने नवे ढलपे पडू शकतात. त्यात मिस्त्रीची चूक असतेच असं नाही. ठिगळातली सळई सुरक्षित झाली की शेजारच्या खारट काँक्रीटमधली सळई आणखी वेगाने गंजते. म्हणून आधी काँक्रीटमधल्या क्लोराइडची, म्हणजे मिठाच्या अंशाची, तपासणी करून घ्या. प्रमाण जास्त निघालं तर ठिगळाच्या कडेला झिंकचे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बसवतात. त्यांची तार घासलेल्या उघड्या सळईलाच बांधायची, प्रायमरवरून नाही. नवं बांधकाम करणार असाल तर सळईवर 45 ते 50 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवा. समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी अजिबात वापरू नका.

प्रश्न : भिंतीला खालून लोणा लागतो. वॉटरप्रूफ रंग दिला, तोही फुगला.

उत्तर : फुगणारच. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. ते सुकताना मिठाचे खडे धरतात आणि रंगाचा पापुद्रा उचलतात. आधी बाहेरची माती बघा. ती जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर चढली असेल तर थराखाली किमान 150 मिमी खणून उतरवा. डागाच्या वर अर्धा मीटरपर्यंत गिलावा काढा आणि मीठ कोरड्या ब्रशने झाडा. धुतलंत तर ते विरघळून परत भिंतीत शिरेल. नंतर 1:3 प्रमाणात चुना आणि वाळूचा गिलावा 10-12 मिमीच्या थरांत द्या आणि वर चुन्याचीच सफेदी करा. चुन्याला घाई चालत नाही. पहिला थर ओलसर ठेवत घट्ट होऊ द्या, मगच दुसरा लावा.

प्रश्न : बोअरचं पाणी मचूळ झालंय. आणखी खोल जावं का?

उत्तर : खोल गेलात तर खारं पाणी आणखी जवळ येईल. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल तर खाली 40 मीटर असतं. म्हणजे वरची पातळी एका मीटरने उतरली की खारं पाणी कालांतराने 40 मीटर वर सरकू शकतं. उपसा थोडा आणि थांबून थांबून करा. बाकीची गरज छतावरच्या पावसावर भागवा. 80 चौरस मीटर छतावर 20 मिमी पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 1,280 लिटर हाती येतं.

कोरड्या दिवसांनंतरचा पहिला 1 मिमी, म्हणजे 80 लिटर, टाकून द्या. छतावर साठलेलं मीठ आणि पक्ष्यांची घाण त्यातच उतरते. हे पाणी वेगळं अडवायला चार इंची उभा पाइप पुरत नाही; त्याच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ-नऊ लिटर मावतात, तेव्हा त्या जागी पिंप ठेवा. त्याच्या तळाला बारीक गळती ठेवली की पुढच्या पावसापर्यंत ते आपोआप रिकामं होतं.

प्रश्न : स्टेनलेसच्या बिजागऱ्यांनाही तांबूस डाग पडतात. शिवाय घर वर्षातले बरेच महिने बंद असतं.

उत्तर : त्या बहुधा 304 ग्रेडच्या असाव्यात. 316 घ्या, त्यात खाऱ्या हवेतला गंज रोखणारं मॉलिब्डेनम 2 ते 3 टक्के असतं. गंमत म्हणजे पाऊस थेट झेलणाऱ्या बिजागरीपेक्षा छपराखालची लवकर डागाळते, कारण तिच्यावरचं मीठ धुतलं जात नाही. ती अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा. ॲल्युमिनियमच्या खिडकीला स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर स्क्रूभोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

घर बंद करताना सगळं गच्च लावू नका, बुरशी धरते. समोरासमोरच्या झडपा जाळी लावून उघड्या ठेवा. कपाटांची आणि फ्रीजची दारं किलकिली असू द्या. न्हाणीच्या जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात. निघताना त्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल ओता, पाणी सावकाश आटेल.