फी सव्वा लाखाची, फटका आठ लाखांचा

प्रश्न : वय ३४, राहते नाशिकरोडला. अंबडच्या एका कंपनीत परचेसला आहे. हातात ४८ हजार येतात, बेसिक २६ हजार. एप्रिलअखेर राजीनामा देऊन स्पॅनिशचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा आहे. फी सव्वा लाख, ‘बी-२ लेव्हल आणि नोकरीची हमी’ आहे (बी-२ म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी). पीएफचे तीन लाख काढून वर्षभर भागवेन. ही पहिलीच नोकरी, ऑक्टोबरमध्ये पाच वर्षं होतील. वडिलांना मधुमेह आहे, पण आईवडील दोघंही कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. फी रोख भरू की बिनव्याजी ईएमआयने?

उत्तर : दोन्ही नको. तुमचा प्रश्न इथे संपला. आता न विचारलेल्याकडे वळू.

ऑक्टोबर हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते : बेसिक भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५ हजार, पाचाचे ७५ हजार. एप्रिलमध्ये निघालात तर त्यावर पाणी. पाच वर्षांच्या आत काढलेला पीएफही करपात्र ठरतो आणि ५० हजारांवरच्या रकमेतून सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो. सहा महिन्यांची घाई नेमकी कशासाठी?

मेडिक्लेम तर नोकरीबरोबरच जातो. वडिलांची नवी पॉलिसी घेतलीत तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि वर्षाचा हप्ता दोघांचा मिळून तुमच्या एका महिन्याच्या पगाराएवढा सहज होईल. नोकरी कधीही सोडा, त्याआधी आईवडिलांची वेगळी पॉलिसी हवीच.

वर्षाचा बुडालेला पगार पावणेसहा लाख, ग्रॅच्युइटी पाऊण, फी सव्वा, मेडिक्लेम धरून आठच्या वर. एवढ्या पैशात मिळणार काय? समजा क्लास रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, सहा महिने : २६० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला ६०० ते ७५० वर्गतास धरतं, तेही पूर्णवेळ पगार देऊन. २६० तासांत ए-२, म्हणजे दुसरी पायरी, पदरात पडली तरी पुष्कळ. बी-२ची ‘हमी’ देणाऱ्याला एवढंच विचारा : डेले परीक्षेत नापास झाले तर फी परत देणार का, आणि ते लिहून देणार का? डेले म्हणजे स्पेनची सरकारी भाषासंस्था इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस घेते ती. तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. क्लासने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राची किंमत कागदाएवढी. आणि बिनव्याजी ईएमआय हे बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्जच असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच.

स्पॅनिश मात्र जरूर शिका. मराठी माणसाला ती इंग्रजीमार्गे शिकवून उगाच अवघड करतात. ‘मे गुस्तान लास उवास’ म्हणजे ‘मला द्राक्षं आवडतात’. द्राक्षं अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी, थेट आपल्यासारखं. इंग्रजीतल्या ‘आय लाइक’वरून आलात की गोंधळ. त, द आपलेच, लिंगं दोनच, आपल्यापेक्षा एक कमी. घाम फुटतो तो ‘सेर’ आणि ‘एस्तार’ला, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच ‘आहे’. तिथे शिक्षकाला पैसे द्या; शब्द पाठ करायला नको.

समजा ताशी ६०० रुपये घेणारा शिक्षक आठवड्यातून दोनदा : महिन्याला पाच हजार, पगारातून. कंपनीच्या बसमध्ये जाताना रोज अर्धा तास ऐका, येताना वही मिटून कालचे, आठवड्यापूर्वीचे शब्द आठवा. विसरायला लागल्यावर आठवलेलाच शब्द टिकतो, म्हणून दिवसाला सहा तास बसून सहापट फळ मिळत नाही. नोकरी सोडण्यात भाषेचाही फायदा नाही तो असा. वर्षाने डेलेची ए-२ द्या. पास झालात, वडिलांची पॉलिसी झाली आणि हातात दुसरं ऑफर लेटर असलं, तर राजीनाम्याबद्दल पुन्हा लिहा. ईएमआयच्या अर्जावर सही केली असेल, तर आजच लेखी रद्द करायला सांगा आणि पोच घ्या.