फुगलेली नक्षी, काळवंडलेला मुलामा

प्रश्न : आमच्याकडे फ्रेंच धाटणीचं, पोट पुढे आलेलं तीन खणांचं जुनं कपाट आहे. पावसाळ्यात लाकडी फुलांची नक्षी कडेला फुगून सुटली आणि कोपऱ्यांवरची सोनेरी वेलबुट्टी काळी पडली. सुतार म्हणतो, फेविकॉल भरून, घासून मेलामाइन मारू. सासूबाई म्हणतात, चिंच लावा. कपाट फ्रान्सचा राजा लुई पंधरावा याच्या काळातलं असेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी दोघांनाही थांबवा. नक्षीचं विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, जेमतेम मिलिमीटरभर असतं. पॉलिशपेपर फिरला की पानांच्या कोरीव रेषा जातात, कधी खालचं लाकूडच उघडं पडतं.

नक्षी सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदाने, चिकटवलेली असते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सरस मऊ पडतो, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि विनियर उचकटतं. नखाने टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. सुटलेले तुकडे पाकिटात जपा. एक भाग सरस दोन भाग गार पाण्यात (वजनाने) रात्रभर भिजवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम करा. उकळला तर त्याची पकड जाते. पातळ सुरीने विनियरखाली सरस सारा, वर मेणकागद ठेवा. गोलाईवर सपाट ठोकळा बसत नाही, म्हणून कोमट वाळूची पिशवी ठेवून क्लॅम्प लावा. चोवीस तास हात लावू नका. सरस पुढे कोमट पाण्याने सोडवता येतो, फेविकॉल तसा सुटत नाही. शिवाय जुन्या सरसावर तो धडपणे धरतही नाही.

वेलबुट्टी ब्राँझची, वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, सगळं बाद. देवघरातली समई वेगळी. शक्य असेल तर वेलबुट्टीच्या पट्ट्या उतरवा, पण प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकाला जायला हवा, म्हणून क्रमांक घाला. आधी मऊ ब्रश, मग लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, कापसाच्या काडीने हलके पुसून लगेच कोरडं करा. तापवू मात्र नका : १८४०च्या दशकात विजेचा मुलामा रुळण्याआधी तो पाऱ्याने चढवत, आणि तसा असेल तर वाफ विषारी.

वयाबद्दल थोडक्यात : लुई पंधरावा १७७४ साली गेला, पण त्याच्या शैलीची कपाटं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये धडाक्याने बनत होती. टोकदार, एकसारखे यंत्रावरचे स्क्रू मूळचेच असतील, तर तुमचंही त्यातलंच समजा.