नॉफ्लर आणि एमिलू हॅरिस यांचा 'ऑल द रोडरनिंग': गिटार गेली कुठे?

तुम्ही लिहिलंय की डायर स्ट्रेट्स हा ब्रिटिश रॉक बँड कॉलेजपासून ऐकत आलात, म्हणून त्याचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर आणि अमेरिकन कंट्री गायिका एमिलू हॅरिस यांचा 'ऑल द रोडरनिंग' हा अल्बम मोठ्या उत्सुकतेने लावला आणि तो सपाट वाटला. गिटार गायब, दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, आणि हॅरिस या अल्बममध्ये नक्की कोण, पाहुणी की भागीदार, हेही कळेना. माझ्या मते तिन्ही शंकांचं उत्तर एकच आहे, पण त्याआधी एक काम करा. डायर स्ट्रेट्सचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' पुन्हा लावा आणि फक्त ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या.

नॉफ्लर ओळ म्हणतो, थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेत गिटार उत्तर देते. पुढची ओळ, पुन्हा उत्तर. आपल्याला जो शेवटचा सोलो तोंडपाठ असतो, त्याच्या कितीतरी आधीपासून ही देवाणघेवाण चालू असते. तो फारसा गातच नाही. खालच्या पट्टीत, बोलल्यासारखे शब्द टाकतो आणि भावनेचं काम गिटारवर सोपवतो. आता 'ऑल द रोडरनिंग'मधलं 'धिस इज अस' लावा. एक जोडपं जुने फोटो चाळतंय, हे आपण, ते आपण, असं करत. तो एक ओळ म्हणतो, पुढची ओळ तिची. जिथे पूर्वी स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे त्याची इलेक्ट्रिक गिटार, असायची, तिथे आता हॅरिस आहे. गिटार गेलेली नाही, तिने जागा दिली आहे. मला हा अल्बम आवडायला लागला तो इथून.

आवाज मिसळत नाहीत हे तुमच्या कानांनी बरोबर टिपलं. आपल्या भावगीतांत आणि सिनेमाच्या युगुलगीतांत बहुतेक वेळा कडवी वाटून घेतात आणि ध्रुवपदाला दोघं एकाच सुरात येतात. कंट्रीत, म्हणजे अमेरिकेच्या लोकसंगीतातून आलेल्या त्या प्रकारात, जोडीने गाणं म्हणजे एकाने मूळ चाल धरायची आणि दुसऱ्याने तेच शब्द, त्याच क्षणी, वेगळ्या सुरांवर म्हणत तिच्याबरोबर जायचं. लूव्हिन ब्रदर्स, एव्हर्ली ब्रदर्स या जोड्या यात अव्वल. सख्ख्या भावांचे आवाज, त्यामुळे कोण वर नि कोण खाली हे कधी कधी शोधावं लागतं. इथे नेमकं उलट आहे. नॉफ्लर १९४९ साली ग्लासगोत जन्मलेला, इंग्लंडच्या ईशान्येला वाढलेला, लीड्सला वार्ताहर म्हणून काम केलेला माणूस. हॅरिस १९४७ची, बर्मिंगहॅम, अलाबामाची. एकाचा आवाज जाड आणि आळसावलेला, दुसरीचा उंच, बारीक, वयाने कडेला थोडा विरलेला. हे दोन आवाज एकजीव झाले असते तर ही गाणी पडली असती, कारण बरीचशी गाणी दोन वेगळ्या माणसांची आहेत. एकाच संसाराकडे दोन बाजूंनी बघणाऱ्यांची.

हॅरिस ही विद्या शिकली ग्रॅम पार्सन्सबरोबर गाताना. पार्सन्स म्हणजे कंट्री रॉकच्या पायातला माणूस. १९६८ मध्ये अमेरिकन रॉक बँड बर्ड्‌सबरोबर 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ', मग फ्लाइंग बरिटो ब्रदर्स. वॉशिंग्टनच्या क्लबांत लोकगीतं गाणाऱ्या या मुलीला त्याने आपल्या 'जीपी' (१९७३) आणि 'ग्रीव्हस एंजल' (१९७४) या अल्बमसाठी बोलावलं. दुसरा बाजारात येण्याआधीच, सप्टेंबर १९७३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी तो गेला. ते दोन अल्बम ऐकलेत की कळेल, नॉफ्लरच्या शेजारी ती इतकी निवांत का उभी राहते. पार्सन्सचा आवाजही काही कसलेला नव्हता, मध्येच थरथरायचा. त्याला न झाकता, त्याच्या वरून हलकेच जायचं, हे तिला विशीतच जमलं होतं.

आता पाहुणी की भागीदार. श्रेयनामावली बघितली तर बारापैकी दहा गाणी नॉफ्लरची, दोनच तिची: 'बेल स्टार', आणि किमी ऱ्होड्सबरोबर लिहिलेलं 'लव्ह अँड हॅपिनेस'. निर्मातेही नॉफ्लर आणि चक एन्ले. त्यामुळे निम्मा-निम्मा कारभार नव्हता हे खरंच. पण तिला नुसती गायिका समजू नका. कारकिर्दीचा मोठा काळ तिने इतरांची गाणी गायली, तरी २००० सालच्या 'रेड डर्ट गर्ल'मध्ये एक सोडून सगळी गाणी तिने स्वतः किंवा कोणाबरोबर तरी लिहिलेली आहेत आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. म्हणजे २००६च्या एप्रिलमध्ये हा अल्बम आला तेव्हा दोन्ही बाजूंना लिहिती माणसं होती. काम सुमारे सात वर्षं, दोघांना सवड मिळेल तसं चाललं होतं. एखाद्या कंपनीने आठवड्याभरात उरकलेल्या युगुल-अल्बमांत जो उसना उत्साह असतो, तो इथे नाही त्याचं एक कारण हेच असावं.

नॉफ्लरच्या बाजूनेही कंट्री काही हौसेखातर आलेलं नाही. १९९० मध्ये त्याने कंट्रीतला नामांकित गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सबरोबर 'नेक अँड नेक' केला, त्याच वर्षी नॉटिंग हिलबिलीज या त्याच्या दुसऱ्या बँडचा अल्बमही आला. प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी पट्टी) न वापरता अंगठा आणि बोटांनी वाजवायची त्याची पद्धत मुळात त्याच घराण्याच्या जवळची. डायर स्ट्रेट्सच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बममधलं 'व्हाय वरी' तर पुढे खुद्द एव्हर्ली ब्रदर्सनी गायलं.

शीर्षकगीतावर जरा थांबतो, कारण ते तुमच्याकडून निसटलंय असं वाटतं. ते दौऱ्यावरच्या कलावंतांच्या आयुष्यावर आहे, पण त्यातलं चित्र आहे जत्रेतल्या 'वॉल ऑफ डेथ'चं. म्हणजे आपला 'मौत का कुआँ'! लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरगर फिरते, वर कठड्याला टेकून लोक बघतात, खेळ संपला की तंबू उखडून पुढच्या गावी. आपल्याकडे जत्रेत ज्याने तो बघितलाय, फळ्यांची थरथर पायांना जाणवली आहे, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. गोल गोल फिरणारा तो स्वार आणि गावोगाव वाजवत हिंडणारा वादक यांना नॉफ्लरने एकाच ओळीत बसवलंय. चाल शांत आहे, ओरडाआरडा नाही, आणि एवढं सगळं फिरणं फुकट तर नाही गेलं ना, ही शंका दोघं मिळून गातात. तीस-तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या दोघांच्या तोंडी ती शोभते. विशीतल्या कोणाच्या तोंडी नसती शोभली.

'इफ धिस इज गुडबाय' मात्र एकटे असताना ऐका. ११ सप्टेंबर २००१ला अडकलेल्या माणसांनी घरी केलेल्या शेवटच्या फोनवर कादंबरीकार इयन मॅक्युएन यांनी 'गार्डियन'मध्ये लिहिलं होतं, त्यावरून नॉफ्लरला हे सुचलं. गाण्यात ना इमारत, ना विमान, ना राग. फक्त निरोप. माहिती नसताना ऐकलं तर साधं विरहगीत वाटेल, आणि तसं वाटलं तरी ते पुरतं.

उलट 'रेड स्टॅगरविंग' निव्वळ मौजेचं. स्टॅगरविंग हे १९३०च्या दशकातलं बीचक्राफ्टचं दुपंखी विमान, ज्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे बसवलेला असायचा. अशा सुंदर यंत्रांची नावं घेत दोघं एकमेकांना पटवताहेत. 'डाँकी टाउन' मला लांबल्यासारखं वाटतं, आणि 'राइट नाऊ' झालं नसतं तरी चाललं असतं.

गिटारची भूक उरलीच तर 'रिअल लाइव्ह रोडरनिंग' घ्या. २००६च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या गिब्सन अँफिथिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा कार्यक्रम त्याच वर्षी बाहेर आला. त्यात 'स्पीडवे अ‍ॅट नॅझरेथ' आहे, ते वाजवताना नॉफ्लर मोकळा सुटतो. स्टुअर्ट डंकनचं फिडल, म्हणजे कंट्रीतलं व्हायोलिन, आहे. पार्सन्सच्या जाण्यानंतर हॅरिसने लिहिलेलं 'बोल्डर टु बर्मिंगहॅम' आहे. आणि डायर स्ट्रेट्सचं 'रोमिओ अँड ज्युलिएट'ही आहे.

पुढे काय ऐकायचं तेही विचारलं होतंत. आधी 'ग्रीव्हस एंजल', मग हॅरिसचा 'रेकिंग बॉल' (१९९५), आणि शेवटी तिने रॉडनी क्रोवेलबरोबर केलेला 'ओल्ड यलो मून' (२०१३). क्रोवेल तिच्या सत्तरच्या दशकातल्या साथीच्या वाद्यवृंदातला, म्हणजे हॉट बँडमधला, जुना सोबती, त्यामुळे तिथे दोन आवाज जवळ जवळ बसलेले सापडतील, जे तुम्हाला नॉफ्लरबरोबर मिळालं नाही. एरवी इयरफोन लावा आणि 'धिस इज अस' एकदा फक्त वरच्या आवाजावर कान ठेवून ऐका, शब्द सोडून द्या. काय वाटलं ते इथेच लिहा.