आधी मे महिन्यातले पाणी मोजा, मग रोपांची संख्या ठरवा

ताई, औसा तालुक्यातल्या वडिलांच्या चार एकरांपैकी तीन एकरांत केशर आंब्याची बाग उभी करायची आहे, नोकरी पुण्यात आहे, आणि दोन वर्षे टिपणे काढूनही सुरुवात कोठून करावी ते कळत नाही, असे आपण लिहिले आहे. अंबाजोगाई परिसरात मी 2012 पासून हेच काम करीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या कामाचे टप्पे पाडावेत हे सगळेच सांगतात. ते कशाच्या मापाने पाडायचे, हा खरा प्रश्न असतो. तीन एकर आहेत म्हणून दर वर्षी एक एकर, ही वाटणी दिसायला सोपी असली तरी मला ती पटत नाही. जी गोष्ट कमी पडली तर बाकीचे सगळे केलेले वाया जाते, ती आधी हुडकावी आणि तिच्याच मापाने पुढचे टप्पे ठरवावेत. मराठवाड्यातल्या फळबागेत ती गोष्ट म्हणजे मे महिन्यातले पाणी.

हे मी नुकसान सोसून शिकलो. 2012 च्या जुलैमध्ये दोन एकरांत 300 कलमे मी एकाच आठवड्यात लावली. पाऊस दगा देऊन गेला, फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसला, आणि टँकरवर पैसे घालूनही 2013 च्या जूनपर्यंत 62 झाडे हाती राहिली. त्यानंतर 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे शेततळे केले. बाजूंना उतार धरून त्यात 2196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाणी मावते. मग दर पावसाळ्यात 60 कलमांपेक्षा एकही जास्त लावायचे नाही, असे ठरवले. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी तळे अर्धेच भरले होते, तरी नव्या 180 झाडांपैकी 11 च गेली.

म्हणून आपला पहिला टप्पा रोपवाटिकेत जाण्याचा नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वडिलांना बोअरच्या पाइपाखाली 200 लिटरचे पिंप ठेवून घड्याळ लावायला सांगा. पिंप किती मिनिटांत भरते, आणि धार तुटून नुसती हवा यायला लागेपर्यंत मोटर किती वेळ चालते, या दोनच गोष्टी आठवडाभर रोज लिहून ठेवायच्या. समजा, पिंप 8 मिनिटांत भरले आणि बोअर सकाळ-संध्याकाळ 40-40 मिनिटे चालले, तर दिवसाला 2000 आणि आठवड्याला 14,000 लिटर पाणी झाले. त्यातले निम्मे घर व जनावरांसाठी बाजूला काढले, तर 7000 उरतात. माझ्या अनुभवात लहान कलमाला पहिल्या उन्हाळ्यात, ठिबक आणि बुडाशी पाचटाचे आच्छादन असताना, आठवड्याला 40 लिटर पुरतात. म्हणजे 175 झाडे. 5 बाय 5 मीटरवर एकरी सुमारे 160 झाडे बसतात. मात्र झाडाची तहान दर वर्षी वाढत जाते, त्यामुळे आपले शेततळे होईपर्यंत 175 च्या निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे 80 च लावावीत. जमिनीचा हिशेब 480 झाडांचा असला, तरी पाण्याचा हिशेब 80 चा निघतो, आणि 80 झाडांचे काम वडिलांना एका मजुराच्या मदतीने खरोखर झेपते.

संख्या ठरली की पुढचे टप्पे हंगामच ठरवून देतो. त्याच मेमध्ये एक खड्डा 90 सेंटिमीटर खोल खणून दर 30 सेंटिमीटरची माती वेगवेगळी तपासून घ्या; खाली चुनखडीचा थर किंवा चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी, काळी माती निघाली, तर जागा बदलायची. त्यानंतरच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आत एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यायचे, ते उन्हात तापू द्यायचे, मृगाच्या आधी पोयटा (गाळाची) माती, शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरायचे, चांगली ओल झाली की लागवड करायची आणि पोळ्यापर्यंत नांग्या भरून घ्यायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची. यांतला प्रत्येक टप्पा संपला की नाही हे बांधावर उभे राहून दिसते. ‘बागेची तयारी करणे’ असा टप्पा वहीत लिहू नका, कारण तो कधीच संपत नाही.

पुण्यातून होण्यासारखी कामे आपण घ्यावीत: खात्रीच्या रोपवाटिकेत कलमांची नोंदणी, ठिबकचे दरपत्रक, शेततळ्याच्या अनुदानाची कागदपत्रे, सातबाऱ्यावरील नोंदी. महिन्याला यांतले एकच काम पुरे करा आणि गावाकडचे वेळापत्रक वडिलांनाच ठरवू द्या. आमच्या घरी फोनवरून कामे सांगण्यावरूनच सर्वांत जास्त कटुता आली होती.

सर्वांत अवघड टप्पा मात्र लागवडीनंतर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाडाला मोहोर लागतो आणि तो स्वतःच्या हाताने खुडावा लागतो, कारण कोवळ्या झाडावर फळे धरली तर खोड आणि फांद्यांची वाढ खुंटते. माझ्या आईने त्या दिवशी शेतात यायलाच नकार दिला होता. वडिलांना ही गोष्ट आत्ताच, लागवडीच्या आधी, सांगून ठेवा. आणि येत्या मेमध्ये पिंप किती मिनिटांत भरले ते मला जरूर कळवा. त्या आकड्यावरून रोपांची संख्या आपण मिळून काढू.